पेशीच्या अंगावरचा पत्ता

राजारामपुरीत घर शोधणे अवघड नाही. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत तालीम कोणती, बोळ कोणता, वाडा कोणाचा असे विचारत जावे लागते; इथे गल्लीचा क्रमांक पुरतो. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, बारावी गल्ली. पोस्टमन नवखा असला तरी पाकिटावरचा आकडा वाचून तो बरोबर दारात उभा राहतो. त्याच्या थैलीत लग्नाची पत्रिका असेल किंवा कोर्टाची नोटीस असेल. पत्त्याला त्याच्याशी देणेघेणे नसते. पत्ता वाचता आला की झाले.

आपल्या शरीरातही अशी पत्त्यांची व्यवस्था आहे. बोटाला काटा रुतला की रक्तातून वाहत असलेल्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्याच बोटाच्या रक्तवाहिनीत थबकतात, भिंतीला चिकटतात आणि बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. त्यांना जागा कोण सांगतो? पेशींच्या अंगावर साखरेच्या अतिसूक्ष्म साखळ्या असतात आणि त्या साखळ्या ‘वाचणारी’ काही खास प्रथिने असतात. या वाचक प्रथिनांना ‘लेक्टिन’ म्हणतात. साखळी म्हणजे पत्ता, लेक्टिन म्हणजे तो वाचणारा. ही व्यवस्था आपल्या रक्षणासाठी आहे. दुर्दैव असे की कर्करोगाची पेशीही तीच वापरते.

याच राजारामपुरीत दवाखान्यांच्या आसपास रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तिथून मिळणाऱ्या छापील कागदावर कधीकधी ‘सीए १९-९’ अशी एक ओळ असते. शेजारी आकडा, आणि त्यापुढे ‘३७ पर्यंत सर्वसाधारण’ अशी नोंद. घरातली माणसे तो आकडा पाहून धास्तावतात किंवा सुटकेचा निःश्वास टाकतात. तो कशाचा आकडा आहे हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. तो साखरेच्या एका साखळीचा आकडा आहे. ही साखळी कर्करोगाची नुसती खूण नाही, त्याच्या प्रवासातले एक साधनही आहे. कर्करोगाने होणारे बहुतांश मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाहीत. गाठीतून निसटलेल्या पेशी फुप्फुसात, यकृतात, हाडांत किंवा मेंदूत जाऊन बसतात, त्यामुळे होतात. म्हणून हा पत्त्यांचा व्यवहार समजून घेणे केवळ शास्त्रज्ञांचे काम राहत नाही.

साखर, पण कारखान्यातली नव्हे

कोल्हापूर जिल्ह्यात ‘साखर’ म्हटले की उसाचे फड, कारखान्यांची धुराडी आणि गुऱ्हाळावरचा गूळ डोळ्यांपुढे येतो. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. पेशीच्या अंगावरची साखर आपण चहात घालतो ती नव्हे. गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज, सायालिक आम्ल अशा निरनिराळ्या शर्करा शरीर स्वतः तयार करते, त्यांच्या साखळ्या गुंफते आणि पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना व स्निग्ध पदार्थांना त्या जोडते. प्रत्येक पेशीवर या साखळ्यांची दाट लव असते.

घरात कर्करोगाचा रुग्ण असला की त्याचे गोड बंद करण्याची प्रथा हल्ली वाढली आहे. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशीपणे वापरतात हे खरे. पण रुग्णाच्या चहातली साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही. भाकरी-भातातून ग्लुकोज मिळतच असते आणि तेही बंद केले तर शरीर ते स्वतः बनवते. आधीच खंगलेल्या माणसाचे दोन घास मात्र कमी होतात. मधुमेह असेल तर गोष्ट निराळी, तिथे डॉक्टरांचा सल्ला पाळायलाच हवा. पेशीवरच्या साखळ्यांचा आणि ताटातल्या शिऱ्याचा मात्र असा थेट संबंध नाही.

या साखळ्यांचा सर्वांना माहीत असलेला आविष्कार म्हणजे रक्तगट. तांबड्या पेशीवर एक मूळ साखळी असते, तिच्या टोकाजवळ फ्युकोज असतो. तिला एका प्रकारची शर्करा जोडली की रक्तगट ‘ए’, दुसऱ्या प्रकारची जोडली की ‘बी’, दोन्ही असल्या की ‘एबी’ आणि काहीच जोडले नाही की ‘ओ’. म्हणजे आपण लग्नापासून अपघातापर्यंत ज्याची चौकशी करतो तो रक्तगट हा दोन-चार शर्करांच्या मांडणीचा खेळ आहे. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा काही व्यक्ती आढळल्या, ज्यांच्या पेशींवर मूळ साखळीतला तो फ्युकोजही नव्हता. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत तो गट ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून नोंदला गेला. एक शर्करा कमी असली तर केवढा फरक पडतो पाहा: अशा माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही.

प्रथिनांचा आराखडा जनुकांत सरळ लिहिलेला असतो. साखरेच्या साखळीला असा तयार साचा नाही. गुजरीत साज घडवताना एक कारागीर पान जोडतो, दुसरा मणी ओवतो; तशी निरनिराळी विकरे एकामागून एक शर्करा जोडत जातात. एखादा कारागीर जास्त उत्साही झाला किंवा गैरहजर राहिला तर साजाची घडण बदलते. पेशी कर्करोगाच्या वाटेला लागते तेव्हा नेमके हेच होते. काही साखळ्या अर्धवट राहतात, काहींना नको तेवढ्या फांद्या फुटतात, काहींच्या टोकांवर सायालिक आम्लाची गर्दी होते. पेशीच्या पोटातला बिघाड तिच्या अंगावर उमटतो.

किराणा दुकानातले शोधक

हा बदल वाचायचा कसा? सूक्ष्मदर्शकाला साखळ्या दिसत नाहीत. या कामात शास्त्रज्ञांच्या मदतीला धावले ते किराणा दुकानातल्या पोत्यांत दिसणारे साधे दाणे.

कथेची सुरुवात एरंडापासून होते. आजच्या एस्टोनियातील, त्या वेळच्या डॉरपाट विद्यापीठात श्टिलमार्क नावाच्या तरुण संशोधकाला १८८८ साली आढळले की एरंडाच्या बियांचा अर्क रक्तात मिसळला की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. बियांतले एक विषारी प्रथिन पेशींवरच्या साखळ्या पकडून त्यांची मोळी बांधत होते. पुढे असे गुण अनेक बियांत सापडले. त्यांतल्या काही बिया एका रक्तगटाच्या पेशी निवडून पकडतात आणि दुसऱ्याला हातही लावत नाहीत हे लक्षात आल्यावर विल्यम बॉइड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५४ साली ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांना ‘लेक्टिन’ हे नाव दिले.

या निवडक दाण्यांमध्ये आपला हुलगा आहे. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात आणि घाटावर ज्याचे माडगे करतात तोच. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले लष्करी डॉक्टर जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली बंगलोरच्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की हुलग्याचा अर्क मानवी तांबड्या पेशींमध्ये निवड करतो. ‘ए’ गटाचे दोन पोटप्रकार ओळखण्यासाठी आजही रक्तपेढ्यांत हुलग्यातल्या लेक्टिनची बाटली वापरतात. ज्या धान्याला आपण गरिबाचे किंवा बैलाचे खाद्य म्हणून खालच्या फळीवर ठेवले, त्याने रक्तशास्त्रात मानाची जागा मिळवली.

बर्ड यांनीच १९६४ साली शेंगदाण्यातल्या लेक्टिनची करामत दाखवली. पेशीवर ‘टी’ नावाची एक छोटी साखळी असते. निरोगी पेशीत ती इतर शर्करांखाली झाकलेली असते. शेंगदाण्यातले लेक्टिन ती उघडी पडली की पकडते. स्तन, आतडे आणि इतर अनेक अवयवांच्या कर्करोगात ही साखळी उघडी पडते असे पुढे दिसून आले. फणसाच्या आठळीतले ‘जॅकेलिन’ हेही याच साखळीचे ग्राहक.

राजम्याची गोष्ट याहून निराळी. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांनी १९६० साली पाहिले की राजम्यातले लेक्टिन मिसळले की रक्तातल्या विसावलेल्या लसिका पेशी जाग्या होऊन विभागू लागतात. तोवर या पेशी म्हणजे आयुष्य संपत आलेल्या, पुन्हा कधी न विभागणाऱ्या पेशी अशी समजूत होती. गुणसूत्रांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा रक्तातल्या पेशी वाढवण्यासाठी आजही राजम्याचे हे लेक्टिन वापरतात. त्याच राजम्यातल्या लेक्टिनचा एक प्रकार फांद्या फुटलेल्या साखळ्या ओळखतो. या फांद्या आणि कर्करोगाचा प्रसार यांचा जवळचा संबंध आहे, हे कॅनडातील जेम्स डेनिस व सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले.

आणि मसूर! इस्लामपूर-कऱ्हाडपासून कोल्हापूरपर्यंतच्या धाब्यांवर अख्खा मसूर मागवणाऱ्यांना कल्पनाही नसेल, पण यकृताच्या कर्करोगाच्या तपासणीत मसुराला स्थान आहे. यकृताच्या कर्करोगात ‘एएफपी’ नावाचे प्रथिन रक्तात वाढते. मात्र ते काविळीच्या जुनाट आजारात आणि यकृत आकसण्याच्या विकारातही वाढते. मग ओळखायचे कसे? कर्करोगाच्या पेशीतून आलेल्या एएफपीच्या साखळीला एक जास्तीचा फ्युकोज असतो आणि मसुरातले लेक्टिन नेमके तेवढेच पकडते. या ‘एल-३’ तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली मान्यता दिली.

बी आणि जमीन

बियांतल्या लेक्टिनांनी साखळ्या वाचून दाखवल्या. पण प्रश्न असा होता की शरीरात त्या कोण वाचतो? उत्तर सापडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आपल्या शरीराचीही स्वतःची लेक्टिने आहेत. त्यांतली तीन घराणी कर्करोगाच्या संदर्भात महत्त्वाची.

पहिले घराणे सिलेक्टिनांचे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर गरजेप्रमाणे ‘ई-सिलेक्टिन’ उगवते आणि वेगाने वाहणाऱ्या पांढऱ्या पेशींचा हात धरून त्यांना थांबवते. ज्या साखळ्यांना ते धरते त्यांपैकी एक साखळी म्हणजेच सुरुवातीला उल्लेख केलेली ‘सीए १९-९’. स्वादुपिंड, पित्तमार्ग आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी ही साखळी अंगावर मिरवतात. रक्तवाहिनीला वाटते आपलाच शिपाई आला, आणि ती चोराला दार उघडते.

दुसरे घराणे गॅलेक्टिनांचे. त्यातले ‘गॅलेक्टिन-३’ गॅलॅक्टोज असलेल्या लांबलचक साखळ्या पकडते. पेशी एकमेकींना चिकटणे, मरणाऱ्या पेशीला तगवून धरणे, नव्या रक्तवाहिन्या फुटणे अशा अनेक कामांत त्याचा हात असतो. तिसरे घराणे सिग्लेकांचे. ही लेक्टिने आपल्या संरक्षक पेशींवर असतात. समोरच्या पेशीवर सायालिक आम्ल दिसले की ‘हा आपला माणूस, याला सोडा’ असा संदेश ती आत धाडतात. कर्करोगाची पेशी सायालिक आम्लाची शाल पांघरून बसते आणि पहारेकरी तिला सलाम करून पुढे जातो.

कर्करोग वाट्टेल तिथे पसरत नाही, हे डॉक्टरांच्या फार पूर्वीच लक्षात आले होते. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. दुय्यम गाठी काही ठरावीक अवयवांतच पुन्हा पुन्हा दिसत होत्या. त्यांनी शेतकऱ्याला पटेल असे स्पष्टीकरण दिले: बी सगळीकडे उधळले जाते, पण रुजते ते योग्य जमिनीतच. पंचगंगेकाठच्या मळीच्या रानात जे पीक तरारते ते गगनबावड्याच्या कातळावर येत नाही, हे इथे कोणाला सांगायला नको. पण कोणत्या जमिनीत काय आहे म्हणून बी रुजते, हे मात्र पॅजेट यांना सांगता आले नाही. ते कळायला शंभराहून अधिक वर्षे गेली आणि त्या उत्तराचा एक भाग आपल्या महाराष्ट्रात शोधला गेला.

परळला १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. विकृतिशास्त्रातले मोठे नाव असलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक. टाटा स्मारक केंद्राच्या छत्राखाली ही संस्था पुढे खारघरला गेली आणि २००२ सालापासून ‘अॅक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाते. तिथे डॉ. राजीव कलरैया यांच्या गटाने नेमका हा प्रश्न हाती घेतला: त्वचेच्या कर्करोगाची एक विशिष्ट पेशी फुप्फुसातच का जाते?

यासाठी त्यांनी उंदरांतल्या ज्या पेशी वापरल्या त्यांचीही एक कथा आहे. अमेरिकेत आयझाया फिडलर यांनी १९७३ साली उंदरांच्या शिरेत कर्करोगाच्या पेशी टोचल्या, फुप्फुसात रुजलेल्या तेवढ्या वेचून वाढवल्या, पुन्हा टोचल्या. असे दहा वेळा केल्यावर फुप्फुसात हमखास रुजणारे वाण तयार झाले. आपल्याकडचा शेतकरी कणीस निवडून बियाणे राखतो तसेच हे, फक्त पीक भयंकर.

खारघरच्या गटाने २००५ साली दाखवले की या वाणाच्या अंगावर गॅलॅक्टोजयुक्त लांब साखळ्या जास्त असतात आणि त्या साखळ्या पकडणारे गॅलेक्टिन-३ फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर कायम हजर असते. २००९ आणि २०१४ सालच्या शोधनिबंधांत त्यांनी हा धागा पुढे नेला: साखळी कोणत्या प्रकारच्या प्रथिनाला जोडलेली आहे याला महत्त्व आहे, आणि पेशी थांबणे, रक्तवाहिनीच्या बाहेर पडणे व तिथे वसाहत करणे या तिन्ही टप्प्यांवर गॅलेक्टिन-३ तिला मदत करते. पॅजेट यांच्या ‘जमिनी’तला निदान एक क्षार हाती लागला. अर्थात हे उंदरातले आणि एका प्रकारच्या कर्करोगातले उत्तर आहे. माणसाच्या शरीरात आणखी अनेक हात गुंतलेले असतात.

औषधाची वाट

पत्ता कळला, वाचणारा कळला. मग दोघांच्या मध्ये हात घालून ही ओळख मोडता येणार नाही का? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत यासाठी अनेक वाटा चोखाळल्या गेल्या. काहींनी यश दिले, काही मध्येच थांबल्या.

यशाची वाट जरा आडवळणाची निघाली. रक्ताच्या एका कर्करोगात रोगट पेशींवर ‘सिग्लेक-३’ हे लेक्टिन मोठ्या प्रमाणात असते. डॉक्टर त्याला ‘सीडी-३३’ म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्याला चिकटणारे प्रतिपिंड घेतले, त्याच्या शेपटीला जहाल विष बांधले आणि ‘जेमटुझुमॅब’ हे औषध तयार केले. त्याला २००० साली अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढच्या चाचण्यांत फायदा कमी आणि धोका जास्त दिसल्याने २०१० साली ते बाजारातून काढून घेतले गेले. मात्रा आणि वेळापत्रक बदलल्यावर २०१७ साली ते परत आले. त्याच वर्षी ‘सिग्लेक-२’ला लक्ष्य करणारे दुसरे औषधही आले. इथे लेक्टिनाचे काम अडवलेले नाही. त्याचा उपयोग फक्त दारावरच्या पाटीसारखा केला आहे.

ओळखच मोडण्याची वाट अधिक खडतर. जपानमध्ये मात्सुमोतो व सहकाऱ्यांनी २००२ साली एक लक्षवेधी निष्कर्ष प्रसिद्ध केला. आम्लपित्तावरचे ‘सिमेटिडिन’ हे जुने स्वस्त औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर केमोच्या जोडीला दिले होते. ६४ रुग्णांपैकी ज्यांना ते मिळाले त्यांच्यात दहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८४.६ टक्के, तर न मिळालेल्यांत ४९.८ टक्के होते. ज्यांच्या गाठीवर ई-सिलेक्टिन पकडते तशा साखळ्या भरपूर होत्या त्यांना फायदा विशेष झाला. हे औषध रक्तवाहिनीवरचे ई-सिलेक्टिन कमी करते असा त्यामागचा तर्क. पण ६४ म्हणजे फारच थोडे रुग्ण; एवढ्या आधारावर उपचार रूढ होत नाहीत आणि झालेलाही नाही. वाचून कोणी औषधाच्या दुकानाकडे धाव घेऊ नये.

ई-सिलेक्टिनलाच बूच मारणारा ‘युप्रोलेसेलान’ हा रेणू मुद्दाम घडवला गेला. सुरुवातीच्या चाचण्यांत आशा दिसली. पुढे रक्ताच्या कर्करोगाच्या ३८८ रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी झाली. २०२४ साली निकाल आला: रुग्णांच्या आयुर्मानात संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल अशी वाढ झाली नाही. विज्ञानात अशा बातम्यांचे मथळे होत नाहीत. पण त्याही तितक्याच मोलाच्या असतात. एक वाचक अडवला तर पेशी दुसऱ्याचा आधार घेते, हे अशा अपयशातूनच ध्यानात येते.

सध्या सर्वाधिक उत्सुकता आहे ती सायालिक आम्लाची शाल ओढून काढण्याबद्दल. २०२२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळवणाऱ्या कॅरोलिन बर्टोझी यांनी मुळात जिवंत पेशीवरच्या साखळ्या पाहता याव्यात म्हणून नवी रासायनिक युक्ती शोधली. त्यांच्याच गटाने सायालिक आम्ल कापणारे विकर प्रतिपिंडाला जोडून ते नेमके कर्करोगाच्या पेशीपर्यंत पोचवण्याचा मार्ग दाखवला. शाल उतरली की पहारेकऱ्याला चोर दिसतो. माणसांतल्या चाचण्या अजून प्राथमिक टप्प्याच्या आहेत.

कोल्हापूरहून पुणे-बंगलोर महामार्गाने दक्षिणेला निघाले की काही तासांत धारवाड लागते. तिथल्या कर्नाटक विद्यापीठात डॉ. बी. एम. स्वामी आणि डॉ. शशिकला इनामदार यांनी भुईमुगाच्या बुंध्याला कुजवणाऱ्या बुरशीतून एक लेक्टिन वेगळे केले. भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्याला ही पांढरी बुरशी आणि तिचे मोहरीएवढे दाणे चांगले ओळखीचे आहेत. हे लेक्टिन शेंगदाण्याच्या लेक्टिनासारखेच ‘टी’ साखळी ओळखते. पण शेंगदाण्याचे लेक्टिन जिथे कर्करोगाच्या काही पेशींची वाढ उलट चेतवते, तिथे बुरशीचे लेक्टिन ती रोखते. धारवाड, पुणे, खारघर आणि इंग्लंडमधील लिव्हरपूल इथल्या संशोधकांनी मिळून २०१४ साली दाखवले की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी त्याने मोठ्या प्रमाणात मरतात आणि निरोगी पेशींना फारच कमी बाधा होते. हे काचपात्रातले निष्कर्ष आहेत. काचपात्रापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा रस्ता लांब असतो आणि बहुतेक रेणू त्यावर मध्येच गळतात. तरीही पीक बुडवणाऱ्या रोगातून औषधाचा धागा शोधणारी माणसे आपल्या शेजारीच आहेत, ही गोष्ट समाधानाची.

आकडा वाचताना

या साऱ्यातून सामान्य वाचकाने घरी काय न्यावे?

पहिली गोष्ट ‘सीए १९-९’च्या आकड्याबद्दल. तो वाढला म्हणजे कर्करोग झालाच असे नाही. पित्ताशयातला खडा नळीत अडकून कावीळ झाली किंवा स्वादुपिंडाला सूज आली तरी तो चढतो. उलट तो सर्वसाधारण आहे म्हणजे कर्करोग नाहीच असेही नाही. शंभरातल्या पाच ते दहा माणसांत ही साखळी तयार करणारे विकर जन्मतःच नसते. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तरी आकडा वर जात नाही. निरोगी माणसाने सहज म्हणून ही तपासणी करून घेण्यात अर्थ नाही. ज्याचे निदान झाले आहे आणि उपचार चालू आहेत त्याच्या बाबतीत आकडा चढतो आहे की उतरतो आहे हे पाहण्यासाठी तिचा खरा उपयोग. निदान ठरते ते स्कॅन आणि बायॉप्सीवर.

दुसरी गोष्ट ताटातल्या कडधान्यांबद्दल. हुलगा, मसूर, राजमा यांतली लेक्टिने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी ओळखतात, म्हणून ती खाल्ल्याने कर्करोग बरा होतो असा अर्थ कोणी काढू नये. दाणे शिजले की बहुतेक लेक्टिनांचा आकार मोडतो आणि गुण जातो. न शिजवता खाण्याचा प्रयोग तर अंगाशी येतो: कच्च्या राजम्याने काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि एरंडाच्या बीतले विष जीव घेते. कडधान्ये खावीत ती पोषणासाठी, नीट शिजवून. ‘नैसर्गिक’ शब्द छापून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि काढे यांच्या मागे लागून चालू उपचार सोडणाऱ्या कुटुंबांचे पैसे तर जातातच; त्याहून वाईट म्हणजे हाताशी असलेले महिने जातात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निसटलेल्या पेशीचा पत्ता पुसून टाकणारे खात्रीचे औषध आज कोणाकडेही नाही. म्हणून ती निसटण्याआधीचा काळ सोन्याचा. आपल्याकडे तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांमुळे होणारा तोंडाचा कर्करोग तर उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या जागी होतो. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. सवय मात्र सुटलेली नाही. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडायला होणारा त्रास, स्तनातली न दुखणारी गाठ, शौचातून जाणारे रक्त यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते ही समजूत घराघरांतून निघून गेली, तर खारघर आणि धारवाडच्या प्रयोगशाळा ज्या टप्प्याशी झुंजत आहेत, त्या टप्प्यापर्यंत पुष्कळ रुग्णांना जावेच लागणार नाही.